निष्ठा, प्रेम आणि हास्य : 'निनोच्का' या चित्रपटाचा एक अन्वयार्थ

प्रणयप्रधान सुखात्मिकेत प्रेमिकांच्या मार्गात येणारा अडसर बहुधा बाहेरचा असतो. वडिलांचा विरोध, कुळातील वा संपत्तीतील अंतर, एखादे हरवलेले पत्र, वेषांतरामुळे झालेला गैरसमज अशी त्याची रूपे ठरलेली असतात. प्रेमिकांची मने आधीच जुळलेली असतात. नाटककाराला फक्त त्यांच्या वाटेतील धोंड दूर करावयाची असते. विसाव्या शतकात या अडसरांच्या यादीत राजकीय विचारसरणीची भर पडली आणि सुखात्मिकेपुढे एक नवा पेच उभा राहिला. विचारसरणी ही वडिलांसारखी दाराबाहेर उभी नसते, ती प्रेमिकाच्या अंतःकरणातच वसत असते. ती दूर करावयाची म्हणजे त्या व्यक्तीचाच एक भाग कापून टाकावयाचा. मग उरलेली व्यक्ती तीच, जिच्यावर दुसऱ्याने प्रेम केले होती, असे म्हणता येईल काय? या प्रश्नाच्या संदर्भात अर्न्स्ट लुबिश याने दिग्दर्शित केलेल्या 'निनोच्का' (१९३९) या अमेरिकन चित्रपटाचा विचार येथे करावयाचा आहे.

या चित्रपटाची ख्याती दोन गोष्टींसाठी आहे. पहिली, ग्रेटा गार्बोचे हास्य. १९३० साली 'ॲना क्रिस्टी' हा तिचा पहिला बोलपट आला तेव्हा गार्बो बोलते, एवढ्याच मजकुरावर त्याची जाहिरात झाली होती. 'निनोच्का'च्या वेळी गार्बो हसते, अशी जाहिरात करण्यात आली. शोकात्म भूमिकांची सम्राज्ञी म्हणून मान्यता पावलेल्या या नटीचे खळखळून हसणे ही निर्मात्यांना विकण्याजोगी गोष्ट वाटली. दुसरी ख्याती साम्यवादविरोधी विडंबन म्हणून. सोव्हिएत अधिकारी असलेली एक कठोर तरुणी पॅरिसला येते, प्रेमात पडते, हसावयास शिकते आणि अखेरीस मायदेशी परत जात नाही. असा सारांश केला की हा चित्रपट प्रचारपट ठरतो, आणि पुढे त्याचा तसा उपयोगही झाला. मात्र हा सारांश आणि प्रत्यक्ष संहिता यांत बरेच अंतर आहे. ते अंतर निनोच्का कशावर हसते आणि हसल्यानंतर काय करते या दोन गोष्टींत सापडते.

कथानक थोडक्यात असे. क्रांतीच्या वेळी सरदारवर्गाकडून जप्त केलेले जडजवाहीर विकण्यासाठी बुल्यानोव्ह, इरानोव्ह आणि कोपाल्स्की हे तीन सोव्हिएत प्रतिनिधी पॅरिसला येतात. एका आलिशान हॉटेलातील राजेशाही दालन घ्यावे की नाही याविषयी त्यांच्या मनात थोडी चलबिचल होते. पण बोल्शेविकांची प्रतिष्ठा राखली पाहिजे, हा युक्तिवाद त्यांना वेळेवर सुचतो. त्या दागिन्यांची मूळ मालकीण, निर्वासित ग्रँड डचेस स्वाना, पॅरिसमध्येच राहत असते. तिचा प्रियकर काउंट लिऑन न्यायालयाकडून विक्रीवर मनाई हुकूम आणवतो आणि या तिघांना मेजवान्यांनी वश करतो. घसरत चाललेला हा व्यवहार सावरण्यासाठी मॉस्कोहून निना इव्हानोव्हना याकुशोव्हा ही विशेष दूत पाठवली जाते. परस्परांची नावे ठाऊक नसताना लिऑन आणि ती रस्त्यात भेटतात, आणि पुढचे सारे तेथून सुरू होते.

पूर्वार्धातील निनोच्का हे उघडच विनोदाचे आलंबन आहे. स्थानकावर सामान उचलणाऱ्या हमालाला ती सामाजिक अन्यायाचा बळी ठरवते, तेव्हा तो उत्तर देतो की ते बक्षिसी किती मिळते यावर अवलंबून आहे. आयफेल टॉवरवरून रात्रीचे पॅरिस पाहून ती त्याचे सौंदर्य नाकारत नाही, पण एवढी वीज वाया जात असल्याचे नोंदवते. प्रेम म्हणजे एका सामान्य रासायनिक प्रक्रियेला दिलेले गोंडस नाव, हे तिचे मत ती एखादा अहवाल वाचून दाखवावा तसे सांगते. हास्याविषयीच्या आपल्या १९०० सालच्या ग्रंथात आंरी बर्गसाँ याने, सजीवावर यांत्रिकतेचे कवच चढले की हास्य निर्माण होते, असा सिद्धांत मांडला होता. निनोच्काचे हे रूप त्याचे उदाहरण म्हणून सहज देता येईल. तथापि एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. या सर्व प्रसंगांत ती चुकीचे असे फारसे बोलत नाही. हॉटेलातील काचेच्या कपाटात ठेवलेली धुराड्यासारखी टोपी पाहून ती म्हणते की स्त्रियांना असले काही डोक्यावर घालू देणारी संस्कृती फार काळ टिकणार नाही. प्रेक्षक तिला हसतो आणि त्याच वेळी त्या टोपीलाही हसतो, कारण टोपी खरोखरच हास्यास्पद आहे. लुबिशच्या विनोदाला अशी दुहेरी धार असते.

चित्रपटाचा मध्यबिंदू म्हणजे कामगारांच्या खाणावळीतील प्रसंग. लिऑन हा विरुद्ध पक्षाचा माणूस असल्याचे एव्हाना निनोच्काला कळलेले आहे. ती दुपारचे जेवण घ्यायला साध्या खाणावळीत जाते. काउंटही तिच्या मागोमाग तेथे पोहोचतो आणि तिला हसवण्याचा चंग बांधतो. तो एकामागून एक विनोद सांगतो. त्यांतील एक, साय न घातलेली कॉफी मागणाऱ्या गिऱ्हाइकाचा आहे. वेटर परत येऊन सांगतो की साय संपली आहे, तेव्हा दूध न घातलेली कॉफी चालेल काय? आजूबाजूचे कामगार हसतात. निनोच्काचा चेहरा मात्र हलत नाही. काउंट चिडतो, खुर्चीत मागे रेलतो आणि टेबलखुर्चीसकट जमिनीवर कोसळतो. खाणावळ हास्याने दणाणून जाते आणि निनोच्काही हात आपटून, मान मागे टाकून हसते.

तिच्या हसण्याचे कारण अनेक लेखनांत 'पॅरिसची जादू' असे सांगितले जाते. पडद्यावर दिसते ते निराळे आहे. पॅरिसच्या नर्मविनोदाने ती हसलेली नाही. काउंटचे वाक्चातुर्य हे त्याच्या वर्गाचे खास हत्यार, आणि ते तिच्यापुढे पूर्णपणे निष्प्रभ ठरते. ती हसते ती एक सरदार भुईसपाट झाला म्हणून, आणि तीही एकटी नव्हे, कामगारांच्या बरोबरीने. क्रांतीवर विश्वास असणाऱ्या स्त्रीला याहून अधिक तर्कसंगत असे हसण्याचे निमित्त सापडणे कठीण आहे!

भरताच्या नाट्यशास्त्रातील हास्यविचार येथे उपयोगी पडतो. भरताने हास्याची उत्पत्ती शृंगारापासून सांगितली आहे. हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार कल्पून त्यांपैकी पहिले दोन उत्तम, मधले दोन मध्यम आणि शेवटचे दोन अधम प्रकृतीच्या पात्रांकडे दिले आहेत. म्हणजे हास्याचीही एक सामाजिक उतरंड त्या शास्त्राने मान्य केली होती. निनोच्का स्मिताच्या पायरीवर थांबतच नाही, ती थेट अतिहसितावर पोहोचते. दात न दाखवता मंद हसणे ही स्वानाच्या दिवाणखान्यातील रीत. निनोच्का हसते ती खाणावळीतील मजुरांसारखी. काउंटलाही पडल्यावर प्रथम राग येतो, यात एवढे हसण्याजोगे काय आहे असे तो विचारतो, आणि मग त्याचे त्यालाच हसू फुटते. रसचर्चेच्या परिभाषेत सांगावयाचे तर आतापर्यंत हास्याचे आलंबन असलेली निनोच्का येथे हास्याचा आश्रय बनते आणि आश्रय असलेला काउंट आलंबन बनतो. ही अदलाबदल झाल्यावरच दोघे एका पातळीवर येतात. शृंगारापासून हास्य हा भरताचा क्रम येथे उलटलेला आहे. आधी हास्य, मग शृंगार.

हसल्यानंतर निनोच्का बदलते, हे खरे. सहकाऱ्यांना बाहेर पाठवून, दाराला कडी घालून ती खणातून तीच हास्यास्पद टोपी बाहेर काढते. वस्तूच्या मोहाने मतपरिवर्तन, हा या संहितेतील सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वांत कमकुवत दुवा म्हणावा लागेल. परंतु मतपरिवर्तन खरोखर होते काय? त्याच रात्री ती उंची पोशाखात लिऑनबरोबर नृत्यगृहात जाते. तेथे स्वाना तिला खोचकपणे विचारते की रशियातील कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रिया नाचाला असाच पोशाख करतात काय. निनोच्का शांतपणे होकार देते आणि सांगते की जुन्या रशियात तिच्यासारख्यांना पाठ उघडी टाकणारे कपडे घालणे अवघड होते, कारण कोसॅकांच्या चाबकाचे वळ चांगले दिसत नसत आणि स्त्रियांना आपल्या रूपाची किती काळजी असते हे स्वाना जाणतेच. संपूर्ण चित्रपटातील हे सर्वांत धारदार राजकीय वाक्य. ते उच्चारले जाते ते प्रेमात पडलेल्या, पॅरिसचा पोशाख ल्यालेल्या निनोच्काकडून. पूर्वार्धातील तिची राजकीय विधाने पाठ केलेली वाटत होती, हे विधान तिचे स्वतःचे आहे. विनोदाने तिची निष्ठा घालवली नाही. तिला भाषा दिली.

मराठी वाचकाला या ठिकाणी पु. ल. देशपांडे यांच्या 'तुझे आहे तुजपाशी' (१९५७) या नाटकाची आठवण होणे साहजिक आहे. तेथेही व्रतस्थ कठोरपणा आणि जीवनाचा रसिक उपभोग समोरासमोर येतात. फरक असा की तेथे आचार्यांना आपल्या आयुष्यातील पोकळीची कबुली द्यावी लागते. निनोच्का तशी कबुली कधीच देत नाही, आणि हा भेद लहान नाही.

नृत्यगृहातून परतल्यावरचा प्रसंग शॅम्पेनच्या अमलाखालचा आहे. आपण चुंबन घेतले तेव्हा रशियाच्या ध्येयाशी द्रोह केला, तेव्हा आपल्याला भिंतीशी उभे करावे, असा आग्रह निनोच्का धरते. लिऑन तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो आणि बाटलीचे बूच उडवतो. त्या आवाजासरशी ती गोळी लागल्यासारखी खाली घसरते आणि शिक्षा भोगून झाल्याचे जाहीर करते. मॉस्कोतील गाजलेले खटले १९३६ ते १९३८ या काळातले. त्यांनंतर वर्षभरात केलेला हा विनोद आहे. त्यानंतर ती जगातील जनतेला उद्देशून एक छोटे भाषणही करते. युद्धे येतील, बाँब पडतील, संस्कृती कोसळतील हे तिला ठाऊक आहे. तिची विनंती एवढीच की हे सारे इतक्यात होऊ नये, थोडा वेळ सुखाने राहू द्यावे. चित्रपट प्रदर्शित झाला तो १९३९ च्या शरद ऋतूत. २३ ऑगस्ट रोजी हिटलर आणि स्टालिन यांच्या राजवटींत अनाक्रमणाचा करार झाला होता आणि १ सप्टेंबरला पोलंडवर आक्रमण झाले होते. प्रेक्षक हे भाषण ऐकत होता तेव्हा त्यातील 'इतक्यात नको' ही विनवणी आधीच फेटाळली गेली होती. निर्मात्यांनी आरंभी जोडलेल्या मजकुरातही, ही कथा पॅरिसमध्ये भोंग्याचा अर्थ हवाई हल्ला असा नव्हता त्या दिवसांची आहे, अशा अर्थाची गंमत केली आहे. विनोदी चित्रपटाच्या पहिल्याच क्षणी भूतकाळाचा सूर लागावा, हे विरळा.

यानंतर येतो तो या कथेचा खरा पेचप्रसंग. रात्री उघड्या राहिलेल्या तिजोरीतील दागिने आता स्वानाच्या हाती आलेले आहेत. सकाळी ती निनोच्कासमोर सौदा ठेवते. निनोच्काने त्याच दिवशी संध्याकाळच्या विमानाने मॉस्कोला निघून जावे, म्हणजे स्वाना दागिन्यांवरील हक्क सोडील. खटल्याच्या मार्गाने दागिने मिळण्यास किती काळ जाईल याचा नेम नाही आणि तिकडे लोकांना अन्नाची निकड आहे. निनोच्का जाण्याचे ठरवते.

या निर्णयाचे महत्त्व प्रचारपट म्हणून केलेल्या वाचनात हरवते. प्रेम आणि राजकीय निष्ठा यांची प्रत्यक्ष गाठ पडते तो हा एकमेव क्षण, आणि येथे निष्ठा जिंकते. शिवाय ती पक्षशिस्तीच्या धाकाने जिंकत नाही. कोणी वरिष्ठ आज्ञा देत नाही. निनोच्का आपल्या मनाने लोकांची भाकरी आणि आपले सुख यांची तुलना करते. स्वानाला सौदा सुचतो तोच मुळी प्रतिपक्षाची निष्ठा अस्सल आहे हे ओळखल्यामुळे. ढोंगी विरोधकाशी असा सौदा करता येत नसतो. गार्बोने हा प्रसंग जवळजवळ अभिनय न करता केला आहे. आदल्या रात्रीच्या हास्याची किंमत तो पाहताना कळते.

दुसऱ्या पक्षाला काय सोडावे लागते? लिऑनही बदलतो. तो आपले अंथरूण स्वतः आवरतो आणि त्याच्या उशाशी मार्क्सचे 'भांडवल' सापडते. त्याचा वृद्ध सेवक गास्ताँ त्या ग्रंथावरील धूळ झटकण्यासही नकार देतो. दोन महिन्यांचा पगार थकलेला असूनही त्याला साम्यवाद नको आहे, कारण स्वतः साठवलेले पैसे धन्याबरोबर वाटून घ्यावे लागतील ही कल्पना त्याला सहन होत नाही. विनोद उत्तम आहे. पण लिऑनचे परिवर्तन या थट्टेपलीकडे जात नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याची स्वतःची अशी राजकीय श्रद्धा मुळातच नाही. तो स्वानाच्या मर्जीवर जगणारा देखणा ऐतखाऊ आहे. त्यामुळे हे प्रेम दोन विचारसरणींमधील आहे असे म्हणणे तितकेसे अचूक नाही. एका बाजूला विचारसरणी आहे आणि दुसऱ्या बाजूला तिचा अभाव. हा असमतोल संहितेतील दोष मानावयास हवा. निनोच्काने गमावण्याजोगे पुष्कळ आहे. लिऑनने गमावण्याजोगी एक श्रीमंत प्रेयसी आहे, इतकेच.

मॉस्कोतील दृश्ये विडंबनाची म्हणून ओळखली जातात. मे दिनाचे संचलन, एका खोलीत कोंबलेली माणसे, दोरीवर वाळत घातलेल्या पॅरिसच्या रेशमी वस्त्राने उडालेली खळबळ, खोलीतून सारखा ये-जा करणारा आणि पोलिसांचा हस्तक असल्याची शंका असलेला शेजारी असा सारा तपशील आहे. पण याच खोलीत चित्रपटातील सर्वांत जिव्हाळ्याचा प्रसंग घडतो. जुने तीन सहकारी भेटीला येताना आपापल्या वाट्याचे एकेक अंडे आणतात आणि सर्वांचे मिळून एक ऑम्लेट होते. शासनाने समतेच्या नावाखाली जे घडवले त्याची टर उडवता उडवता, समतेची खरी भावना चार मित्रांच्या तव्यावर उरलेली आहे, असे हे दृश्य सुचवते. तेवढ्यात लिऑनचे पत्र येते. संबोधन आणि सही वगळता त्यातील सर्व मजकूर काळ्या शाईखाली गेलेला असतो. प्रेमपत्राविषयी याहून भेदक दृश्यप्रतिमा चित्रपटांत क्वचितच आढळेल.

हे दृश्य साकारणाऱ्यांची पार्श्वभूमी पाहिली तर त्यातील कडवटपणाचा उलगडा होतो. लुबिश बर्लिनमधील ज्यू शिंप्याचा मुलगा, १९२२ मध्ये अमेरिकेत गेलेला. नाझी सत्तेने त्याचे नागरिकत्व काढून घेतले होते. १९३६ मध्ये तो मॉस्को पाहून आला होता. मूळ कथा मेल्किओर लेंग्येल या हंगेरियन लेखकाची. पटकथाकारांपैकी चार्ल्स ब्रॅकेट अमेरिकन, पण बिली वाइल्डर आणि वॉल्टर राइश हे मध्य युरोपातून परागंदा झालेले. कोपाल्स्कीची भूमिका करणारा अलेक्झांडर ग्रानाख याची कहाणी तर विलक्षण आहे. नाझींपासून पळून तो सोव्हिएत संघात गेला, कीव्हमध्ये १९३७ साली त्याला अटक झाली, आणि सुटका झाल्यावर तो अमेरिकेत आला. म्हणजे मॉस्कोच्या भोळ्या प्रतिनिधीची भूमिका करणारा हा नट तेथील तुरुंग पाहून आलेला होता. पॅरिसच्या स्थानकावर हे तिघे दाढीवाल्या ज्या प्रवाशाला आपला वरिष्ठ समजतात तो दुसऱ्याच क्षणी नाझी पद्धतीने हात उंचावून अभिवादन करतो. हा विनोद लिहिणाऱ्यांना आणि करणाऱ्यांना दोन्ही हुकूमशाह्यांची ओळख होती.

याच जाणिवेने पॅरिसच्या स्थानकावरील निनोच्काच्या एका वाक्याकडे पाहावे लागते. मॉस्कोची खबरबात विचारली असता ती सामुदायिक खटले यशस्वी झाल्याचे सांगते आणि आता रशियन लोक संख्येने कमी पण प्रतीने सरस होतील अशी पुस्ती जोडते. या वाक्यावर प्रेक्षक हसतो आणि लगेच चपापतो. निष्ठेचे गोडवे गाणाऱ्या कोणत्याही वाचनाला, प्रस्तुत वाचनालाही, हे वाक्य अडखळवते. निनोच्काची निष्ठा अस्सल आहे, आणि तिला हत्यांचेही समर्थन करता येते. लुबिश या दोन्ही गोष्टी सांगतो आणि त्यांचा हिशोब जुळवून दाखवण्याचा खटाटोप करत नाही.

पुढच्या काळाने मात्र हा हिशोब परस्पर मिटवून टाकला. एप्रिल १९४८ च्या इटलीतील निवडणुकीपूर्वी हा चित्रपट साम्यवादी पक्षाविरुद्धचे साधन म्हणून तेथे मोठ्या प्रमाणावर दाखवला गेला. १९५७ मध्ये रूबेन मामुलियन याने 'सिल्क स्टॉकिंग्ज' या नावाने त्याचे संगीतमय रूपांतर केले. त्याच्या नावातच टोपीची जागा रेशमी मोज्यांनी घेतली आणि वस्तूचा मोह हेच आशयसूत्र होऊन बसले. वाइल्डरने स्वतः 'वन, टू, थ्री' (१९६१) मध्ये बर्लिनच्या पार्श्वभूमीवर हाच विषय पुन्हा हाताळला. चित्रीकरण चालू असतानाच शहरात भिंत उभी राहिली. तेथील साम्यवादी तरुणाला काही तासांत भांडवलदाराचा जावई बनवले जाते, आणि त्याच्या श्रद्धेला निनोच्काच्या श्रद्धेचे वजन कोठेच नाही. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाल्यानंतर प्रचाराचा हेतू उरला नाही. मूळ संहितेकडे मोकळ्या नजरेने पाहणे त्यामुळे सुकर झाले आहे.

राहिला प्रश्न शेवटाचा. निनोच्काला तिच्या तीन जुन्या सहकाऱ्यांची चौकशी करण्यासाठी कॉन्स्टँटिनोपलला पाठवले जाते आणि लिऑन तेथे वाट पाहत असतो. हे तिघे आता परतणार नाहीत, त्यांनी उपाहारगृह काढले आहे. स्थळाची निवड अर्थपूर्ण आहे. प्रेमिक पॅरिसमध्ये एकत्र येत नाहीत, मॉस्कोत तर नाहीतच. सुखात्मिकेला सुखान्तासाठी तिसरे गाव शोधावे लागले. निनोच्का परत गेली तर आपण देशोदेशी जाऊन असेच रशियन प्रतिनिधी फोडत राहू, अशी धमकी लिऑन देतो. त्यावर ती म्हणते की वैयक्तिक हित आणि देशाचे हित यांत निवड करावयाची असेल तर डगमगण्याचे कारण नाही, निनोच्का वाईट रशियन होती असे कोणाला म्हणता येऊ नये. ज्या तराजूत तिने पॅरिसमध्ये आपले सुख तोलून बाजूला ठेवले होते तोच तराजू येथे पुन्हा बाहेर काढला जातो, फक्त या वेळी त्याची दांडी विनोदाने धरलेली असते. ती आपले मत मागे घेत नाही. कर्तव्याच्या भाषेतच ती प्रेमाला होकार देते. ही पळवाट आहे हे तिला, लिऑनला आणि प्रेक्षकालाही समजते.

चित्रपट मात्र चुंबनावर संपत नाही. उपाहारगृहाच्या विजेच्या पाटीवर बुल्यानोव्ह आणि इरानोव्ह यांची नावे झळकत असतात, कोपाल्स्कीचे नाव पेटत नसते. आणि पाटीखाली, रस्त्यावर, कोपाल्स्की अंगावर निषेधाचा फलक अडकवून येरझाऱ्या घालत असतो. त्याच्या दोन भागीदारांनी त्याच्यावर अन्याय केला आहे.